दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका

जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज घसरलं, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१७२ उमटलं, की बहुतेकदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. ही घाई झाली. हा कोड एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. ते का, हे सांगत नाही. इंजेक्टर गळत असेल, तर सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो. म्हणून आधी स्कॅनरवर इंजिनाचे चालू आकडे पाहावेत. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं आणि इंजिन तापल्यावर साधारण ९० अंशांपर्यंत जायला हवं. ते ६०-६५ वरच रेंगाळलं, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकल्याचा संशय घ्यावा; इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जादा पेट्रोल सोडत राहतो.

यावर कुणी म्हणेल, इतक्या वर्षांत सेन्सर झिजलाच असणार. असेलही, मंदावलेला सेन्सर कोड न देताही पेट्रोल वाया घालवतो. पण ते तपासता येतं. तापलेल्या इंजिनात जुन्या धाटणीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान झुलतं, एकदम ॲक्सिलरेटर दाबला की चढतं, सोडला की पडतं. हे चपळपणे होत असेल तर तो बदलून काय मिळणार? उलट, दिवा नाही म्हणजे दोष नाही, हेही खरं नव्हे. चिकटणारे ब्रेक आणि टायरमधली कमी हवा ॲव्हरेज खातात, पण इंजिनाच्या कोडमध्ये कधीच दिसत नाहीत.