मधल्या टर्मिनलवरची वायर

अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेले ट्रक तिकडे लिलावात निघतात आणि हौशी लोक ते विकत घेतात. त्यांतला लाडका म्हणजे एम-३५. १९५० च्या सुमारास आलेला हा ट्रक अडीच टनी, म्हणून सैनिकांच्या तोंडी ‘डूस अँड अ हाफ’. तो दारात आला की नव्या मालकाला त्यात गाणी लावायची असतात, मोबाइल चार्ज करायचा असतो, पुढे दोन जादा दिवे हवे असतात. बाजारातलं हे सामान बहुतेक १२ व्होल्टचं, आणि ट्रक २४ व्होल्टचा. बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडावं तर आत १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. पुढची युक्ती कुणालाही सुचेल अशीच आहे: दोन्हींना जोडणाऱ्या मधल्या टर्मिनलवरून रेडिओला एक वायर ओढायची आणि रेडिओची दुसरी वायर बॉडीला अर्थ करायची. रेडिओ लगेच वाजतो. काही महिने तरी कुणाची तक्रार नसते. पण ही वायर दोन्ही बॅटऱ्यांचा जीव घेते, आणि जिच्यावर तिचा काही भारच नाही, ती बॅटरीही त्यातून सुटत नाही.

मुळात सैन्याला २४ व्होल्ट कशाला हवे होते, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६ व्होल्टवर चालायची. युद्धानंतर आलेल्या एम-३८ जीपपासून अमेरिकी लष्करी गाड्या २४ व्होल्टवर गेल्या. तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर नेली की करंट निम्मा होतो आणि त्याच केबलमध्ये उष्णतेच्या रूपानं वाया जाणारी शक्ती चौथाईवर येते. थंडीत मोठ्या इंजिनाचा सेल्फ मारताना हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय सगळ्या गाड्या एकाच व्होल्टेजच्या असल्या की एकीची बॅटरी उतरली तर दुसरीवरून केबल टाकून ती सुरू करता येते. हे २४ व्होल्ट मिळतात दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या एकसर जोडणीत, लावून. खालच्या बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला, तिचं पॉझिटिव्ह वरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि वरचीचं पॉझिटिव्ह पुढे गाडीला.

गोम अशी की अल्टरनेटरला या जोडीची फक्त बेरीज दिसते. रेग्युलेटर एकूण २८.४ व्होल्ट राखतो. त्यातले कुणाच्या वाट्याला किती जातात याची त्याला खबर नसते. बॅटऱ्या सारख्या असतील तर प्रत्येकीला १४.२ मिळतात आणि सगळं सुरळीत चालतं. आता खालच्या बॅटरीवर रेडिओ लावा. इंजिन बंद असताना ती एकटी उतरते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटरचा चार्जिंग करंट आधी वरच्या बॅटरीतून जातो, मधल्या टर्मिनलपाशी त्यातला रेडिओपुरता भाग फुटून निघतो आणि उरलेलाच खालच्या बॅटरीला मिळतो. म्हणजे गाडी उभी असो की धावती, रेडिओनं जितके अँपिअर-तास खाल्ले तितकीच खालची बॅटरी वरचीच्या मागे पडते. ही तूट भरून निघायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वरचीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करत राहणं. खालची रिकामी असल्यानं समजा १३.२ व्होल्टवरच थबकली, तर बेरीज पुरी करायला वरचीवर १५.२ व्होल्ट येऊन बसतात. शिशाच्या बॅटरीतला एकेक सेल साधारण २.४ व्होल्टच्या वर गेला की आतलं पाणी फुटून वायू सुटू लागतो. इथे सेलमागे अडीचच्या वर आहेत. एकाच जुवाच्या दोन बैलांतल्या एकालाच जादा राबवायचं आणि वैरण मात्र जोडीचा हिशेब धरून टाकायची, असा हा प्रकार आहे. खालच्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. वरची तापते, पाणी पीत सुटते आणि तिच्या प्लेटा झिजतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘एवढ्याशा रेडिओनं काय होतंय?’ हिशेब करू. बंद रेडिओही आपलं घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला थोडा करंट घेत असतो. तो २० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास, महिन्याला जवळजवळ १५. लष्करी ट्रकची जुनी ६टीएन बॅटरी १०० अँपिअर-तासांची असते. हौशी मालकाचा ट्रक महिना-महिना जागचा हलत नाही, म्हणजे बटण न दाबताही सातवा हिस्सा गेला, तोही एकाच बॅटरीतून. दिवे किंवा छोटा फ्रीज लावला तर हेच एका रात्रीत होतं. रोज लांब पल्ल्याला धावणाऱ्या गाडीत अगदी किरकोळ भार काही काळ खपून जातो, हे मान्य. पण लिलावातले ट्रक तसे धावत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुद्द अमेरिकी सैन्यानंच एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले होते, मग मालकानं घेतले तर बिघडलं कुठे? हे खरं आहे. १९८० च्या दशकात सैन्यानं शेवरोलेकडून सीयूसीव्ही मालिकेच्या गाड्या घेतल्या. एम-१००८ पिकअप त्यांतलीच. मुळात ती नागरी गाडी, त्यामुळे दिवे, वायपर, डॅशबोर्ड सगळं १२ व्होल्टचं. सेल्फ आणि लष्करी रेडिओची जोडणी मात्र २४ ची. १२ व्होल्टचा सगळा भार पडायचा तो एकाच बॅटरीवर. पण बॉनेट उघडलं की एकाऐवजी दोन अल्टरनेटर दिसतात, प्रत्येक बॅटरीला आपापला. दुसऱ्याचं निगेटिव्ह बॉडीपासून मुद्दाम तोडून पहिल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला नेलेलं आहे. एका बॅटरीवर भार टाकायचा तर तिला स्वतंत्र चार्जिंग द्यावं लागतं, हे ओळखून अख्खा दुसरा अल्टरनेटर बसवण्याचा खर्च केला गेला. म्हणजे हा दाखला आक्षेप घेणाऱ्यांच्याच विरोधात जातो. एम-३५ मध्ये अल्टरनेटर एकच आहे.

काही जण बॅटऱ्यांची अधूनमधून अदलाबदल करतात. त्यानं मरण निम्मं-निम्मं वाटलं जातं, टळत नाही. आणि तीस किलोंच्या पुढचं हे वजन नियमानं कोण उचलत बसणार? मधल्या वायरचा आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. काम करताना बॅटरीची अर्थ केबल आधी काढावी, ही रीत योग्यच आहे. पण मधली वायर तशीच राहिली आणि रेडिओ नि २४ व्होल्टचा एखादा दिवा चालू असला, तर दिव्यातून बॉडीत उतरलेला करंट परतीची वाट शोधत रेडिओतून उलटा शिरतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूला उलटी पोलॅरिटी म्हणजे काय, हे रिपेअरवाल्याच्या बिलावरून कळतं.

मग करायचं काय? आधी वस्तूवरचं लेबल वाचा. पुष्कळसे मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवे १२ ते २४ व्होल्ट चालवून घेतात. ते थेट गाडीच्या २४ वर लावता येतात. साधे बल्ब सारख्या वॅटचे दोन घेऊन सिरीजमध्ये लावले तरी चालतं, फक्त एक उडाला की दोन्ही विझतील. बाकीच्यांसाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्यावा. तो दोन्ही बॅटऱ्यांवरून सारखंच ओढतो: १२ व्होल्टवर १० अँपिअर हवे असतील तर २४ वर साडेपाच-सहा लागतात. त्याऐवजी रेझिस्टर टाकून व्होल्टेज पाडायचं म्हटलं तर त्याच भाराला १२० वॅट नुसते उष्णतेत जातील. कन्व्हर्टर गरजेपेक्षा थोडा मोठा असावा, फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा आणि पुरवठा चावीवरच्या रिलेमधून यावा, नाहीतर कन्व्हर्टरच बंद गाडीची बॅटरी उतरवत राहील. हलक्या कन्व्हर्टरनं रेडिओत खरखर येते, ही तक्रार खोटी नाही. धातूच्या डब्यातला घेऊन अँटेनापासून लांब बसवला तर ती बरीच कमी होते. भार मोठाच असेल तर बॅटरी इक्वलायझर लावावा. तो मधल्या टर्मिनलला कायम बेरजेच्या निम्म्यावर धरून ठेवतो, आणि मग तिथून १२ व्होल्ट घेता येतात. हे सगळं महाग वाटतं खरं, पण बॅटऱ्या जोडीनंच बदलाव्या लागतात, हेही त्या हिशेबात धरावं.

हे सगळं अमेरिकेतल्या हौशी मंडळींपुरतं राहत नाही. आपल्याकडचे आजचे बहुतेक जड ट्रक आणि मोठ्या बसही २४ व्होल्टवरच चालतात, आणि तिथेही म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरून वायर ओढली जाते. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. चार्ज झालेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. दोघींत पाव व्होल्टाचा जरी फरक दिसला, किंवा एकीलाच सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी मधल्या टर्मिनलवर जादा वायर आहे का ते बघा, आणि असेल तर ती काढून कन्व्हर्टरवर न्या.