बिजवर स्थळ आणि जुनी मोटारसायकल

दोन हजार रुपये बुडाले, तेव्हा कुठे मी आयुष्यात पहिल्यांदा आर.सी. बुक नीट वाचलं.

त्याचं असं झालं. आम्ही नालासोपाऱ्याला, पूर्वेकडे तुळिंजमध्ये राहतो. ह्यांची नोकरी वसईला, वालीवच्या एका कारखान्यात. म्हणजे शेअर रिक्षानं स्टेशन, मग लोकलनं एकच स्टेशन, आणि उतरल्यावर पुन्हा रिक्षा. सकाळचं कसंबसं निभायचं. पण सेकंड शिफ्ट असली की ह्यांना घरी यायला मध्यरात्र उलटायची. ताट झाकलेलं, सासूबाई जाग्या, आणि मी खिडकीत.

ह्यांना नवी गाडी हवी होती, हप्त्यांवर. मी हिशेबाची वही पुढे केली. घरभाडं, मुलीचा क्लास, सासूबाईंची औषधं. हप्ता बसवायचा कुठे? माझ्या भिशीचे तीस हजार येणार होते. त्यात मी बांगड्या करायच्या ठरवल्या होत्या. म्हटलं, बांगड्या थांबतील. पण गाडी तीस हजारांत बसली पाहिजे, आणि दुरुस्तीसकट!

पहिली गाडी पाहिली ती अशी चकचकीत, की आरशासारखं तोंड पाहावं. मीटरवर फक्त बावीस हजार किलोमीटर. हे इतके खूश, की तिथल्या तिथे दोन हजार बयाणा देऊन आले. दुसऱ्या दिवशी मी आर.सी.ची प्रत मागून घेतली. त्यात एका बँकेचं नाव! कर्ज फिटलेलं नव्हतं. नंतर ओळखीच्या मेकॅनिकनं आणखी एक गोष्ट दाखवली. पाय ठेवायच्या दांडीचं रबर गुळगुळीत झालेलं, गिअरचा खटका झिजलेला, हँडलच्या मुठी कडक झालेल्या. "वहिनी, बावीस हजारांत एवढं झिजत नाही," तो म्हणाला. मीटर बदलता येतो, पण झीज कुठे लपवणार? बयाणा परत मिळाला नाही, तो नाहीच.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, स्थळ बिजवर असलं म्हणून वाईट नसतं. पण चौकशी घरच्यांकडे करायची, मध्यस्थाकडे नाही."

तेच सूत्र आम्ही धरलं. दुसरी गाडी मिळाली विरारच्या एका निवृत्त शिक्षकांकडे. २०१२ सालची, शंभर सी.सी.ची, आणि मीटरवर एक्क्याऐंशी हजार किलोमीटर! आकडा ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. टाकीवर ओरखडे, सीटला ठिगळ. पण गुरुजींनी आतून एक वही आणली. ऑईल कधी बदललं, चेन कधी, क्लच प्लेट कधी. तारखेसकट सगळं लिहिलेलं. माझ्या दूधवाल्याच्या हिशेबासारखं! मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं. २०२४ च्या दसऱ्याला सव्वीस हजारांना ती घरी आली.

मैत्रिणींनो, जुनी गाडी किती चालली यापेक्षा ती कशी सांभाळली गेली हे महत्त्वाचं. आपल्याकडे १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तेव्हापासून शंभर सी.सी.च्या फोर स्ट्रोक गाड्या घरोघरी पोहोचल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि जाणकार हात कुठल्याही नाक्यावर सापडतात. ऑईल वेळेवर मिळालेलं असं इंजिन लाखाजवळ गेलं तरी घाबरायचं कारण नसतं. ऑईलविना रखडलेलं मात्र तीस हजारांतच दम टाकतं.

पाहायला जाल तेव्हा

गाडी थंड असतानाच पाहायची. विकणाऱ्यानं आधीच चालू करून ठेवली असेल, तर समजावं की सकाळी किक मारून मारून पाय दुखत असणार. चालू झाल्यावर मागून निळसर धूर येत राहिला, तर ऑईल जळतं आहे. तो खर्च मोठा. मागच्या चाकावरची चेन बोटानं ओढून पाहावी. ती दात्यांवरून बरीच उचलली गेली, तर चेन-सेट बदलायला झाला. हँडल सोडून गाडी एका बाजूला ओढते का, तेही मेकॅनिकला पाहू द्यावं. त्याला शे-दोनशे द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

आणि आपल्या भागात एक प्रश्न हमखास विचारावा: "पावसाळ्यात गाडी कुठे उभी असायची?" जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या, ते इथल्या कुणीच विसरलेलं नाही. रुळांची ती गत, तर गल्लीतल्या गाड्यांचं काय! ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. आपली गाडी कधी बुडालीच, तर किक मारू नये. आत पाणी असेल तर इंजिनाचा दांडा वाकतो. ढकलत गॅरेजला न्यावी. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑईल बदलायचं, मगच चालू करायची.

कागद आधी, पेढे नंतर

आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. विम्याच्या बदलासाठीही चौदा दिवसांचीच मुदत आहे. जुन्या दंडाची चलनं बाकी नाहीत ना, हेही पाहावं. गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमच्या गाडीची मुदत २०२७ ला संपते, म्हणून त्या खर्चाचं पाकीट मी आतापासूनच वेगळं ठेवलं आहे.

"नाव काय, करू सावकाश," असं म्हणू नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गुरुजी स्वतःच आमच्यामागे लागले होते, ते उगीच नाही!

घरात आल्यावर

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला व्हायला नको, म्हणून चार हजार मी आधीच बाजूला काढले होते. त्यात मागचा टायर, ब्रेक शू, बॅटरी आणि ऑईल झालं. चेन-सेट पुढच्या पगारावर ढकलला.

पहिला महिना रुसण्यातच गेला. सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही. पेट्रोलचा काटा बंद, म्हणून एकदा रिझर्व्हवर लावलेला कॉक तसाच राहिला आणि रात्री सातिवलीजवळ टाकी ठणठणीत. हे ढकलत आले आणि म्हणाले, "विकून टाकू." मी गुरुजींची वही काढली, पुढचं पान उघडलं आणि तारीख घालून लिहिलं: पेट्रोल भरलं, किती, मीटर किती. तेव्हापासून तो काटा म्हणजे माझी वही!

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसले. पहिली म्हणजे मागच्या चाकाची साडीची जाळी. ती कुणीतरी काढून टाकली होती. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला असावा, असा नियमच आहे. जाळी बसेपर्यंत मी गाडीवर बसले नाही. दुसरी गोष्ट, तिघांनी बसायचं नाही. कायद्यानं मागे एकच माणूस आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मुलीसाठी तिच्या मापाचं घेतलं. लग्नाला निघालो की ते दोघं गाडीवर, मी आणि सासूबाई रिक्षात. लोक हसतात. हसू देत.

बांगड्या अजून झालेल्या नाहीत. पण सेकंड शिफ्टला हल्ली मी खिडकीत उभी राहत नाही. गल्लीच्या तोंडाशी तो जरा खोकल्यासारखा आवाज आला की सासूबाईच अंथरुणातून म्हणतात, "आला गं तो. आमटी गरम कर."