काटकसरीचे राजकारण : सुरतेचे मोरारजी आणि उजवी टीका

शासनाने पैसा कशावर खर्च करावा, नागरिकांच्या आरोग्याचा भार किती उचलावा आणि न्यायाधीश कोणी नेमावेत, या तीन प्रश्नांवर उजव्या विचाराचे राजकारण अनेक देशांत शासनाला धारेवर धरत आले आहे. उजवा विचार म्हणजे येथे धर्माभिमान अभिप्रेत नाही. शासनाच्या सत्तेला मर्यादा असाव्यात, तिजोरीने अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि रुळलेल्या संस्था व संकेत सहजासहजी मोडू नयेत, असे मानणारी ती भूमिका आहे. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाने २०१० च्या आरोग्य विमा कायद्यापासून सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांपर्यंत ही टीका बरीचशी एका सुरात मांडली. भारतात तिची वाट इतकी सरळ नव्हती, आणि तिची वळणे पाहायची तर सुरत मतदारसंघातून १९५७ ते १९७७ या काळात लागोपाठ पाच लोकसभा निवडणुका जिंकणाऱ्या मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. मराठी मनात त्यांचे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील गोळीबाराशी कायमचे जोडले गेले आहे, आणि तो राग अकारण नाही. मात्र त्या रागामुळे त्यांच्या अर्थकारणाकडे मराठीत जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही.

मोरारजी १९५८ ते १९६३ आणि पुन्हा १९६७ ते १९६९ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते आणि त्यांनी एकूण दहा अर्थसंकल्प मांडले. त्यांचा मुख्य आक्षेप तुटीच्या अर्थभरण्यावर, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करून मधली तफावत रिझर्व्ह बँकेच्या नव्या चलनाने भरून काढण्याच्या सवयीवर होता, कारण त्यातून होणाऱ्या भाववाढीची झळ पगारदार आणि बचत करणाऱ्या माणसाला सर्वांत आधी लागते. गंमत अशी की याच अर्थमंत्र्याने १९६३ मध्ये सक्तीची बचत योजना आणली आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी करून हजारो सोनारांच्या पोटावर पाय दिला. त्यामुळे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आणि ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’विरुद्ध झगडणाऱ्या राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला मोरारजी आपले वाटण्याऐवजी टीकेचे लक्ष्य वाटले. २९ फेब्रुवारी १९६८ रोजी, म्हणजे आपल्या चार वर्षांतून एकदा येणाऱ्या वाढदिवशी, मांडलेल्या अर्थसंकल्पात मात्र त्यांनी कारखान्याच्या दारात उभे राहून मालावर शिक्के मारणाऱ्या अबकारी अधिकाऱ्याची पद्धत मोडीत काढली आणि उत्पादकाने कराचा हिशेब स्वतःच करावा, ही वाट खुली केली. काटकसर आणि नियंत्रण या दोन प्रवृत्ती एकाच माणसात शेवटपर्यंत नांदत राहिल्या, हे त्यांच्या समर्थकांनी फारसे बोलून दाखवले नाही.

खर्चाचा प्रश्न न्यायासनापर्यंत पोहोचला तो बँकांच्या राष्ट्रीयीकरणामुळे. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि काही दिवसांतच १४ मोठ्या बँका वटहुकुमाने सरकारच्या ताब्यात आल्या. बँकांतील ठेवी कोणाला कर्जाऊ द्यायच्या, हा निर्णय अर्थसंकल्पाबाहेरून शासनाच्या हाती जाणे म्हणजे संसदेला विचारावे लागणार नाही असा खर्चाचा दुसरा मार्ग उघडणे होय, असा टीकाकारांचा मुद्दा होता. शेतकऱ्याला आणि लहान उद्योजकाला खाजगी बँका दारात उभे करीत नव्हत्या, हे राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे उत्तरही तितकेच वजनदार होते. स्वतंत्र पक्षाशी संबंधित असलेले बँकांचे एक भागधारक आर. सी. कूपर यांच्या याचिकेवर नानी पालखीवालांनी युक्तिवाद केला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये ११ न्यायाधीशांच्या पीठाने १० विरुद्ध १ अशा बहुमताने राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द ठरवला. विरोधी मत देणारे एकमेव न्यायाधीश ए. एन. राय होते.

पुढे एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून राय यांनाच सरन्यायाधीशपद दिले. या तिघांनी केशवानंद खटल्यात संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद नाही, असे म्हटले होते. तिघांनीही राजीनामे दिले. त्यांच्यापैकी शेलाट पूर्वी गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीविना बदल्या झाल्या, त्यांत गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांना आंध्र प्रदेशात पाठवण्यात आले आणि त्यांनी त्या आदेशाला न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी १९७७ मध्ये एच. आर. खन्ना यांची ज्येष्ठता नाकारण्यात आली. आणीबाणीत नागरिकाचा जगण्याचा हक्कही स्थगित होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील बहुमताचे मत त्यांनी एकट्याने फेटाळले होते.

या पार्श्वभूमीवर मार्च १९७७ मध्ये पंतप्रधान झालेल्या मोरारजींच्या टीकेची खरी कसोटी लागली ती फेब्रुवारी १९७८ मध्ये, सरन्यायाधीश बेग निवृत्त होत असताना. ज्येष्ठतेनुसार पुढचा क्रम पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा होता. पण खन्नांनी ज्या निकालाला विरोध केला, त्या निकालातील बहुमताच्या बाजूने ते उभे राहिले होते, आणि मुंबईतील काही वकिलांनी व नागरिकांनी त्यांना पद देऊ नये, अशी निवेदनाद्वारे मागणी केली. आणीबाणीत १९ महिने स्थानबद्ध राहिलेल्या मोरारजींना ही मागणी मान्य करणे सोपे होते, आणि लोकप्रियही ठरले असते. तरीही त्यांच्या सरकारने ज्येष्ठतेचा संकेत पाळून चंद्रचूडांना नेमले. ज्या संकेताचा भंग झाला म्हणून विरोधी बाकांवरून टीका केली, तो आपल्याला गैरसोयीचा असतानाही पाळणे, यापेक्षा त्या टीकेची सच्चाई सिद्ध करणारा पुरावा दुसरा मागता येणार नाही. याच चंद्रचूडांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात आणीबाणीतील ४२ व्या घटनादुरुस्तीचे महत्त्वाचे भाग रद्द केले. आज चित्र पालटले आहे : न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या कॉलेजियम पद्धतीवर, जी १९९३ च्या निकालातून आली, आता उजव्या बाजूचेच सरकार आक्षेप घेते, आणि त्याने केलेला न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी रद्द ठरवला आहे.

आरोग्याच्या बाबतीत मोरारजींची भूमिका सर्वांत दुबळी ठरली. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीविरुद्ध उठलेला आवाज रास्त होता, आणि त्यानंतर कुटुंबनियोजनातील सक्ती थांबली. २ ऑक्टोबर १९७७ पासून दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन अशी योजनाही सुरू झाली. गावातल्याच माणसाला शिकवून उपचार गावात नेण्याचा हा विचार जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे १९७० पासून राबवीत होते. परंतु नसबंदीची सक्ती नाकारणारे हेच पंतप्रधान देशभर दारूबंदीची सक्ती करू पाहत होते, आणि त्यापायी राज्यांचा बुडणारा अबकारी महसूल काटकसरीच्या हिशेबात धरत नव्हते. त्यांच्या मुंबईतील गृहमंत्रिपदाच्या काळात झालेला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातमध्ये आजही लागू आहे, आणि सुरतेत दारू बाळगण्याचा एक कायदेशीर मार्ग म्हणजे डॉक्टरी शिफारशीवर मिळणारा आरोग्य परवाना.

उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या शहरात खर्चाचा वाद अलीकडे पुन्हा पेटला. फेब्रुवारी २०२१ च्या महापालिका निवडणुकीत आम आदमी पक्षाने १२० पैकी २७ जागा मिळवल्या. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान मोदींनी मोफत वाटपाला ‘रेवडी’ म्हटल्यावर पाचच दिवसांनी अरविंद केजरीवाल यांनी ३०० युनिट मोफत विजेचे आश्वासन जाहीर केले ते सुरतेतूनच. डिसेंबरमधील विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील सर्व १६ जागा भाजपने जिंकल्या. मात्र त्या पक्षाच्या जाहीरनाम्यातही वर्षाला दोन मोफत गॅस सिलिंडर आणि आयुष्मान योजनेतील उपचारांची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख रुपये करण्याचे वचन होते, आणि जुलै २०२३ पासून गुजरातमध्ये ती मर्यादा वाढलीही. दुसऱ्याच्या खर्चाला रेवडी आणि आपल्या खर्चाला कल्याण म्हणण्याची ही रीत मोरारजींना पटली असती असे वाटत नाही. सुरतेच्या मतदाराला मात्र २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यावर मत देण्याची वेळच आली नाही, कारण काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल रोजी भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले.