मोठ्या बोअरची ओढ

येरवड्याला पुण्याशी जोडणारा फिट्झगेराल्ड पूल, म्हणजे आपला जुना बंडगार्डन पूल, 1869 मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी जवळच खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत हौसेच्या रायफलीचं आपल्याकडे काय झालं, याचा मागोवा इथूनच घ्यावा, कारण या ओढीचे दोन्ही धागे इथं सापडतात: काडतूस खडकीत आणि कायद्याचा धाक येरवड्याच्या तुरुंगात. मोठ्या बोअरचं, म्हणजे जाड नळीच्या रायफलीचं, आकर्षण जनावराच्या आकारातून आलं, असं शिकारी सांगत आले. मला ते फार थोडं खरं वाटतं. ते मुख्यतः सत्तेतून आलं.

मोठी रायफल येण्याआधी दख्खनच्या सरदारांची शिकार वेगळी होती. घोड्यावरून भाल्यानं रानडुक्कर मारणं, पाळलेला चित्ता काळविटावर सोडणं, यात मर्दुमकी जनावर किती जवळ आलं त्यावरून मोजली जाई. रायफलीनं ते अंतर वाढवलं. मग 1878 चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसानं बंदूक बाळगायची नाही आणि युरोपियनाला मात्र सूट, अशी ती विभागणी होती. सरकारवर हत्यार उचलणाऱ्याचं काय होतं तेही दिसलं: पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याला गोळी घालणाऱ्या दामोदर चापेकरांना 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यातच फाशी झाली. ज्या देशात हत्यार हातात असणं हाच सरकारच्या विश्वासाचा शिक्का होता, तिथं दिवाणखान्यात टांगलेली डबल बॅरल घराचा दर्जा सांगत असे. 1931 च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, तो या अपमानाची आठवण ठेवूनच.

सगळ्यात बोलका पुरावा .470 (इंचांतलं माप) या मोठ्या बोअरचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारनं .450 बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. तो माल बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल, ही भीती होती. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी थोडा फरक करून .465, .470, .475 अशी नवी काडतुसं काढली. गवा तोच होता, वाघही तोच. बदलला होता फक्त जकातीवरचा नियम. त्यातलं .470 पुढं शिकाऱ्यांच्या तोंडी दंतकथा होऊन बसलं.

अर्थात त्या रायफलीची ताकद खोटी नाही. .470 ची गोळी सुमारे 32 ग्रॅमची असते आणि नळीतून सुटताना तिच्यात जवळपास 6,900 जूल ऊर्जा असते. पाच किलोच्या आसपासची ती बंदूक उडते तेव्हा दस्ता खांद्यात घट्ट रोवलेला नसेल तर खांदा काळानिळा पडतो. तो धक्का, तो आवाज, छातीत उतरणारा कंप, यांचं सुख शरीराला कळतं. ज्यांना ते आवडतं त्यांना मी रानटी म्हणणार नाही.

यावर शिकाऱ्यांचा जुना आक्षेप असा की, नऊशे किलोच्या गव्यावर हलकी गोळी झाडणं म्हणजे त्याला जखमी करून तडफडत सोडणं. हा आक्षेप प्रामाणिक आहे. जखमी जनावर झाडीत शिरलं की हाकाऱ्यांच्या जिवावर बेतायचं, तेव्हा जवळून थांबवणारी जड गोळी खरोखर लागायची. पण बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीनं. रुद्रप्रयागचा बिबळ्या जिम कॉर्बेटनी 1926 मध्ये .275 रिग्बीनंच, म्हणजे त्याच सात मिलिमीटरच्या बोअरनं टिपला. वाघांसाठी त्यांच्याकडे जड डबल बॅरलही होती, हे खरं. तरी गोळी नेमकी कुठं लागते हे तिच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं, एवढं यातून नक्की ठरतं.

स्वातंत्र्यानंतर .303 हे लष्करी बोअर म्हणून सामान्यांना बंद राहिलं, आणि इच्छापूरच्या .315 रायफली गावोगावच्या परवानेधारकांकडे आल्या. 1972 मध्ये वाघ 1,827 उरल्याचं मोजणीत निघालं आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. हौसेची शिकार संपली. दुसरा आक्षेप इथं येतो: रानडुकरं उभं पीक नासवतात, मग शेतकऱ्यानं काय करावं? त्याची तक्रार रास्त आहे आणि कायद्याच्या कलम 11 मध्ये परवानगीची वाटही आहे. पण रात्र रात्र जागून राखण करणाऱ्या माणसाची गरज आणि मौजेची शिकार यांची सांगड घालणं त्या शेतकऱ्यावरच अन्याय करणारं आहे.

मग नेम धरण्याचा आनंद कुठं गेला? तो बालेवाडीच्या रेंजवर गेला, .22 च्या बोअरमध्ये, जिथं गोळीत ऊर्जा .470 च्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी असते. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली ती याच बोअरवर. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 451.4 गुणांवर ऑलिंपिक कांस्य मिळवलं, तेही याच बोअरवर. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. .470 ची गोळी त्याहून जाड, 12 मिलिमीटरची.