स्टेपल्स कुटुंबाची गायिका मेव्हिस

‘सोल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा असा होतो. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या एका गायनप्रकारास इ. स. १९६० च्या सुमारास हें नांव रूढ झालें. रविवारच्या उपासनेंतील गाण्याची रीत कायम ठेवावयाची, मात्र शब्द प्रपंचांतले घालावयाचे, असें त्याचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. मुख्य गायकानें एक चरण म्हणावा, साथीदारांनीं तो उचलून धरावा किंवा त्यास उत्तर द्यावें, आणि प्रत्येक उत्तरासरशी गायकानें आपला स्वर अधिकाधिक मोकळा सोडावा. पोवाड्यांतील झिलकऱ्यांचें काम ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस ही रचना समजण्यास अडचण पडूं नये. परंतु उपासनेचें गाणें बाजारांत नेणें हें तेथील पुष्कळ भाविकांस पाप वाटे. या दोन जगांच्या सीमेवर एक कुटुंब अर्धशतक गात राहिलें, आणि त्या कुटुंबाचा मुख्य आवाज मेव्हिस स्टेपल्स हिचा होता.

तिचे वडील रोबक स्टेपल्स यांचा जन्म १९१४ सालीं मिसिसिपी राज्यांत झाला. डॉकरी नांवाच्या कापसाच्या मोठ्या मळ्यावर त्यांचें बालपण गेलें. तेथेंच चार्ली पॅटन याची गिटार ऐकून ते तें वाद्य शिकले. पुढें, दक्षिणेंतील सहस्रावधि कृष्णवर्णीय कुटुंबांप्रमाणें, तेहि १९३६ च्या सुमारास पोटासाठीं उत्तरेस शिकागो येथें आले व कत्तलखान्यांत मजुरी करूं लागले. फावल्या वेळीं ते एका भजनमंडळींत गात. पण तेथील सोबती तालमीस वेळेवर येत ना. तेव्हां वैतागून त्यांनीं तो नाद सोडला आणि घरीं आपल्या मुलांनाच जमिनीवर गोलाकार बसवून प्रत्येकास ज्याचा त्याचा स्वर गिटारवर काढून दिला. अशा रीतीनें, सोबत्यांच्या आळसामुळें, एक जगप्रसिद्ध गायकवृंद जन्मास आला! १९४८ सालीं या मुलांनीं शिकागोच्या एका चर्चमध्यें प्रथम गाइलें. १० जुलै १९३९ रोजीं जन्मलेली मेव्हिस त्या वेळीं आठ-नऊ वर्षांची होती.

लहानपणीं तिला कांहीं काळ मिसिसिपींत आजीकडे ठेवलें होतें. तेथील शाळेच्या एका कार्यक्रमांत तिनें ऐकीव असें एक प्रेमगीत म्हटलें. मुलें टाळ्या वाजवीत असतांनाच तिच्या काकांनीं तिला मंचावरून खालीं ओढून घरीं नेलें आणि आजीनें छडीनें चांगलें झोडपलें. आपल्या घरांत देवाचींच गाणीं गावयाचीं, एवढा बोध त्या मुलीस त्या दिवशीं झाला.

१९५६ सालीं ‘अनक्लाउडी डे’ या भजनाची तबकडी निघाली आणि कुटुंबाचें नांव रेडिओवरून दूरवर गेलें. तींतील खोल, भरदार आवाज सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा आहे यावर कोणी विश्वास ठेवीना. हा कोणी धिप्पाड पुरुषच असावा, अशा पैजाहि लागत. इतकी मागणी असूनहि वडिलांनीं पूर्ण वेळ दौरे मात्र १९५७ सालीं मेव्हिसचें हायस्कूलचें शिक्षण संपल्यावरच सुरू केले. आमच्या मतें त्यांच्या शहाणपणाचा हा मोठाच पुरावा होय.

१९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत माँटगोमेरी येथें रोबक यांनीं मार्टिन ल्यूथर किंग यांचें प्रवचन ऐकलें. परत आल्यावर त्यांनीं मुलांस सांगितलें कीं, हा मनुष्य जें व्यासपीठावरून सांगतो तें आपणांस गाऊन सांगतां येईल. तेव्हांपासून भजनांच्या जोडीस समान हक्कांचीं गाणीं आलीं. १९५७ सालीं लिट्ल रॉक येथें नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस शाळेंत जाण्यास अडविण्यांत आलें, त्यावर रोबक यांनीं रचलेलें गीत किंग यांस फार आवडे. १९६५ सालच्या सेल्मा ते माँटगोमेरी या पदयात्रेसाठीं त्यांनीं ‘फ्रीडम हायवे’ हें गीत केलें. हीं गाणीं घरांत बसून सुचलेलीं नव्हतीं. १९६४ सालीं मेंफिसमध्यें पेट्रोलच्या पावतीवरून तंटा होऊन या कुटुंबास पोलिसांनीं बेड्या घातल्या होत्या. ठाण्यावर ओळख पटली म्हणून सुटका झाली. ज्यांस कोणी ओळखत नसे त्यांचें काय होत असेल?

१९६८ सालीं किंग यांची हत्या झाली. पुढल्या वर्षीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील उत्सवांत त्यांचें आवडतें भजन गावयाचें होतें. थोर गायिका महालिया जॅक्सन यांस त्या दिवशीं बरें वाटत नव्हतें; त्यांनीं मेव्हिसला आरंभ करण्यास सांगितलें. जिला ती बाळपणापासून आदर्श मानीत आली, तिच्याच शेजारीं, एकाच ध्वनिक्षेपकावर, ती गाइली. या प्रसंगाचें चित्रण २०२१ सालीं ‘समर ऑफ सोल’ या चित्रपटांतून जगापुढें आलें. तें पाहतांना अंगावर कांटा उभा राहतो.

१९६८ पासून हें कुटुंब मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीसाठीं गाऊं लागलें. पर्व्हिस या भावाच्या जागीं इव्हॉन ही बहीण आली. १९७२ सालीं ‘आय विल टेक यू देअर’ हें गाणें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें. त्यांत शब्द अगदीं थोडे. सारा भार मेव्हिसच्या हाकेवर आणि घरच्यांच्या उत्तरावर. तरुण लोक त्यावर नाचूं लागतांच भाविकांनीं बोल लाविला. जेथें कोणी रडत नाहीं तें ठिकाण स्वर्गावांचून दुसरें कोणतें, असा मेव्हिसचा सवाल होता. लहानपणीं खाल्लेल्या छडीचें हें उत्तरच म्हणावयाचें.

१९७५ सालीं स्टॅक्स कंपनी बुडाली आणि पुढील वर्षें ओढाताणीचीं गेलीं. डिसेंबर २००० मध्यें वडील वारले, तेव्हां मेव्हिसचें गाणें जवळजवळ थांबलें. आयुष्याचा बहुतेक काळ ती वडिलांच्या गिटारच्या साथीनेंच गाइली होती. इव्हॉननें तिला चांगलीच खडसावली. मग पदरचे पैसे घालून तिनें एक ध्वनिमुद्रिका केली; पुष्कळ कंपन्यांनीं ती नाकारली, शेवटीं २००४ सालीं ती निघाली. २०११ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, तिला पहिलें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. क्लिओथा २०१३ सालीं, इव्हॉन २०१८ सालीं व पर्व्हिस २०२१ सालीं निवर्तलीं.

वडिलांनीं अखेरच्या काळांत कांहीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं होतीं. आजारपणांत अंथरुणावर तीं ऐकून त्यांनीं मेव्हिसला, हें हरवूं नकोस, एवढेंच सांगितलें. तिनें तीं चौदा-पंधरा वर्षें जपून ठेविलीं आणि २०१५ सालीं पुरीं करून त्याच शब्दांच्या नांवानें प्रसिद्ध केलीं. तींत वडिलांची थरथरती गिटार आहे, आणि मागें तिघी बहिणी आपापला स्वर धरून आहेत.