बंबावरची नोकरी : त्यासाठी काय शिकावे लागते?

कडब्याची गंजी पेटली की सारा गाव धावतो. कुणी हंडा आणतो, कुणी कळशी, कुणी काठीने पेटता कडबा ओढू लागतो. धाडस कमी पडत नाही. तरी गंजी जळतेच, आणि पुष्कळदा शेजारचा गोठाही पेटतो.

मग तालुक्याहून आगीचा बंब येतो. चार-सहा जवान उतरतात. वारा कुठून वाहतो ते बघतात, पाणी कुठे आहे ते विचारतात, आणि आधी गोठा भिजवायला लागतात. गावकऱ्यांना राग येतो. गंजी जळतेय, नि हे गोठ्यावर पाणी काय मारतात! पण गंजी गेल्यात जमा असते. वाचवायचा असतो तो गोठा. एवढी गोष्ट घाईगर्दीत सुचायला ती आधी कुणीतरी शिकवलेली असावी लागते. ती कुठे शिकवतात आणि काय काय शिकवतात, ते आपण पाहू.

पहिला धडा आगीचाच. आगीला तीन गोष्टी लागतात : जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. तीनपैकी एक काढून घ्या, आग विझते. पाणी उष्णता काढून घेते. माती टाकली की हवा तुटते. ऊस पेटला तर पुढच्या सऱ्या तोडून मोकळी जागा करतात, म्हणजे जळायला काही उरत नाही. हे आपल्यालाही ठाऊक असते. पण कोणत्या आगीला काय काढावे, तिथे माणूस चुकतो. कढईतले तेल पेटले की बाई घाबरून तांब्याभर पाणी ओतते. पाणी तेलापेक्षा जड. ते तळाशी जाते, तापलेल्या तेलात क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या दीड हजारांहून अधिक पट जागा घेते. मग पेटते तेल घरभर उडते. इथे शेगडी बंद करून कढईवर ताट झाकावे, हेच बरे.

दुसरा मोठा विषय पाण्याचा. पाण्यात काय शिकायचे, असे कुणी म्हणेल. पण विहिरीवर इंजिन बसवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर पंप नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब हिशेबाने १० मीटरपर्यंत पुरतो. प्रत्यक्षात ७-८ मीटर मिळाले तरी पुष्कळ. म्हणून तर खोल विहिरीत इंजिन खाली उतरवून बसवावे लागते. बंब काही विहिरीत उतरवता येत नाही! तेव्हा कोणत्या विहिरीचे पाणी बंबाला मिळेल आणि कोणत्या नाही, हे जवानाला काठावर उभे राहून ओळखावे लागते. नळीची लांबी वाढली की दाब किती घटतो, वरच्या मजल्यावर पाणी चढवायला किती दाब लागतो, हे गणित अधिकाऱ्यांच्या अभ्यासात असते.

पण सर्वांत कठीण धडा आम्हाला वाटतो तो धुराचा. आगीत पुष्कळ माणसे ज्वाळेने नव्हे, धुराने मरतात. धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो तिथेच पडतो. म्हणून शिकणाऱ्यांना धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत सोडतात. पाठीवर नळकांडे, तोंडावर मुखवटा. लोक त्याला ऑक्सिजन म्हणतात, पण त्यात बहुधा आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. ती साधारण अर्धा तास पुरते. जोराचे काम केले तर त्याहून लवकर संपते. आत जायचे ते भिंत न सोडता, म्हणजे त्याच भिंतीने परत येता येते. पाय उचलून टाकायचा नाही, सरकवायचा, कारण पुढे जमीन असेलच असे नाही. आणि अंधारात हात पुढे करायचा तो पालथा. का? उघड्या विजेच्या तारेला तळहात लागला तर झटक्याने बोटे मिटतात आणि तारच मुठीत धरली जाते. पालथा हात लागला तर तो मागे येतो. केवढीशी गोष्ट, पण तीवर जीव वाचतो.

शिड्या, दोर, प्रथमोपचार हेही असतेच. माणसाला दोराने खाली सोडताना निसरगाठ मारली तर ती आवळत जाते, म्हणून न सरकणारी गाठ डोळे मिटूनही मारता आली पाहिजे. घरे कशी बांधतात तेही शिकवतात. लोखंड जळत नाही, पण तापले की वाकते आणि छप्पर खाली आणते. जुन्या वाड्याची जाड तुळई वरून कोळसा होते, पण आत शाबूत राहून काही वेळ भार पेलते.

एवढे शिकूनही हे काम जोखमीचेच. ते लपवण्यात अर्थ नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्याजवळच दारूगोळा. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते, वरून पाणी मारून ती लवकर विझत नाही. जवान पाणी मारीत राहिले. दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. त्यांच्या आठवणीसाठी देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. मुलगा किंवा मुलगी या नोकरीत जातो म्हणाली, तर घरच्यांनी हेही माहीत करून घ्यावे, आणि मग हो-नाही ठरवावे.

आता हे शिक्षण मिळते कुठे? देशाचे मोठे कॉलेज आपल्या नागपुरातच आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे त्याचे नाव. ते १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला निघाले आणि १९५७ साली नागपुरास आले. भारत सरकारच्या गृहखात्याकडे ते आहे. निरनिराळ्या राज्यांतले अधिकारी तिथे शिकून जातात. बारावीला विज्ञान आणि गणित घेतलेल्यांना प्रवेश-परीक्षा देऊन तिथे अग्नि-अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. २००२ सालापर्यंत या पदवीच्या वर्गात एकही मुलगी नव्हती. त्या साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, आणि पुढे त्या अग्निशमन अधिकारी झाल्या.

साध्या जवानाच्या नोकरीसाठी पदवी लागत नाही. राज्य शासनाचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. तिथे दहावी पास झालेल्यांसाठी ६ महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. उप-अधिकारी व्हायचे तर पदवीनंतर त्याहून लांबचा अभ्यासक्रम आहे.

इथे एक गोष्ट नीट ऐका. शहरांत, तालुक्यांत आगीचे शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांच्या पाट्या लागलेल्या असतात. 'नोकरीची हमी' असेही काही लिहितात. सगळेच खोटे असतात असे नाही. काही ठिकाणचे शिक्षण कारखान्यात उपयोगी पडते. पण नगरपालिकेच्या भरतीत तेच प्रमाणपत्र चालेल असे नाही. बैल विकून, कर्ज काढून फी भरायची आणि मग हा कागद चालत नाही असे ऐकायचे, ही पाळी येऊ नये. भरतीची जुनी जाहिरात आधी मिळवावी आणि स्वतः वाचावी. तिच्यात 'शैक्षणिक अर्हता' असे शब्द शोधावेत. अर्हता म्हणजे पात्रता. त्याखाली कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र हवे ते छापलेले असते. ते नाव आणि पाटीवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते बघावे. नाही जुळले तर पैसे देऊ नयेत. त्याच जाहिरातीत 'शारीरिक पात्रता' असते. पुरुषांची उंची बहुतेक ठिकाणी १६५ सेंटिमीटर मागतात. मुलींसाठी वेगळी दिलेली असते. ती घरच्या भिंतीवर खूण करून टेपने आजच मोजता येते.