बंदराबाहेरचे बंदर

बंदर म्हटले की जहाज, क्रेन आणि धक्का डोळ्यांपुढे येतो. पण न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराचे बरेचसे काम कुंपणाबाहेर चालते. उरण-पनवेल पट्ट्यातील कंटेनर डेपो, गोदामे, ट्रकच्या रांगा हेही बंदरच आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या आपल्या बांधवांनी हा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

१९८९ साली सुरू झालेल्या या बंदराने २०२४-२५ मध्ये २० फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. जहाजातून माल उतरविण्याइतकेच तो वेळेवर बाहेर काढणे महत्त्वाचे असते. जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, कस्टमची मंजुरी, ट्रक, गोदामातील जागा, यांतले एक जरी अडले की कंटेनर तिथेच बसतो. मुदत संपली की भाडे चढते. ड्रायव्हर रांगेत ताटकळतो आणि वाढलेला खर्च शेवटी गिऱ्हाईकाच्या माथी येतो.

यावर उपाय म्हणजे बाहेरचे वाहतूकदार, गोदामवाले, कस्टम एजंट आणि रेल्वे यांचे काम बंदराशी एका सूत्रात बांधणे. २०१६ पासून येथे कंटेनरला रेडिओ टॅग लावून तो कुठे आहे याची माहिती संगणकावर मिळू लागली. डेपोत न नेता माल थेट बंदरातून उचलण्याची पद्धतही त्यानंतर वाढली. एक फेरी वाचली, एक चढ-उतार वाचली.

मात्र ती चढ-उतार म्हणजे कोणाची तरी मजुरी होती, हे विसरून चालणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या हक्काला कायद्याचा आधार दिला. पुढे १९४८ चा गोदी कामगार कायदा आणि १९६९ चा माथाडी कायदा आला. हंगामी मजुराची नोंद झाली, त्याला संरक्षण मिळाले. आज काम ठेकेदारामार्फत बाहेर गेले आहे. संरक्षणही त्याच्यामागे बाहेर गेले पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून प्रत्येकाने नेमणूकपत्र, पगारपावती आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. एकट्याने मागायला भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून मागावा.

शिकलेल्या मुलामुलींनी कस्टमची कागदपत्रे, गोदामाचा संगणकीय हिशेब, फोर्कलिफ्ट चालविणे ही कामे शिकावीत. साखळी जोडली जात असताना आपला माणूस तिच्यातली कडी झाला पाहिजे. तो केवळ ओझे उचलणारा राहता कामा नये.